चाळीस सेकंदांचा रानपिंगळा

यवतमाळ
१० फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तीन वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं की मत मागायला आल्यासारखं वाटतं.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस, माणसाला माणूस जिथं म्हणून बंद करता येतो तिथं सगळीकडे केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र, नेरच्या तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. मुख्याध्यापिका झालीस असं कळलं. आता पोरांसोबत मास्तरही तुला भिऊन राहत असतील.

कामाचं लिहिते. ३ एप्रिल २०२२ च्या पहाटे, पांढरकवड्याच्या पलीकडच्या त्या आदिवासी वस्तीच्या, पोडाच्या मागे, मोहाच्या उतारावर, तुझ्या रेकॉर्डरवर आपण जो आवाज धरला होता, त्याची मूळ फाइल तुझ्याकडे असणार. अकरा मिनिटांची. माझ्याकडे त्यातले चाळीस सेकंदच आहेत. शंभरावर वर्षं नामशेष समजला गेलेला रानपिंगळा, एवढंसं घुबड, आपल्या जिल्ह्यात, तोही जोडीनं, याचा एकमेव पुरावा म्हणजे ते चाळीस सेकंद. कट्ट्याच्या संग्रहासाठी पूर्ण फाइल हवी आहे. बाकी काही नाही.

रविवारचा आपला ऑनलाइन कट्टा चालू आहे. टाळेबंदीत आपण दोघींनी सुरू केला तेव्हा पहिल्या रविवारी सात जण होते आणि त्यातला एक चुकून आला होता. काल दोनशेवं व्याख्यान झालं. एकशे चौदा लोक. निम्मे कॅमेरा बंद करून स्वयंपाक करतात, कुकरची शिट्टी मधूनच ऐकू येते आणि पुण्याचे तज्ज्ञ विचारतात, हा कुठला पक्षी. निवृत्त तहसीलदार अजून दर व्याख्यानानंतर साप चावल्यावर काय करावं ते विचारतात, विषय फुलपाखरांचा असला तरी.

काल थोडी तांत्रिक अडचण आली. रेंज. पण एकूण चांगलं झालं.

अक्षर वाकडं आलं आहे, थंडीनं. यवतमाळात फेब्रुवारीत किती थंडी असते ते तुला माहीत आहे, तेव्हा हे वाक्य सोडून दे. फाइल पाठव.

अंजू

यवतमाळ
१५ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

उत्तर आलं नाही. यायला पाहिजे होतं असं मी म्हणत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रेंज गेली नव्हती.

झालं ते असं. दोनशेवं व्याख्यान म्हणून आम्ही 'ग्रामस्थांचा सहभाग' ठेवला. म्हणजे एक चौकोन पोडाला द्यायचा, सगळ्यांचा मिळून स्क्रीनशॉट काढायचा आणि पेपरात छापून आणायचा. पोडावरची जया, ती आशा वर्कर आहे, तिच्याकडे मोबाइल चांगला. तिनं आपल्या सासऱ्याला शेजारी बसवलं. उकंडा नाव. सत्तरीचा माणूस, डोक्याला दुपट्टा, कॅमेऱ्याकडे न बघता मोबाइलच्या मागे काय आहे ते बघत होता.

पुण्याचे डॉक्टरसाहेब बोलत होते. घुबडांवर डॉक्टरेट. त्यांनी आपल्या दोघींच्या रेकॉर्डिंगमधला आवाज लावला. पहिल्यांदा नर. ऊऽव, ऊऽव. साहेब म्हणाले, 'हा नर, आपल्या हद्दीची घोषणा करतो आहे.' मग थोडी शांतता आणि दुसरा आवाज, जरा खरखरीत. साहेब म्हणाले, 'आणि हा मादीचा प्रतिसाद. घशात किंचित खर आहे, मादी प्रौढ असावी.'

उकंडा उठून उभा राहिला. चौकोनात त्याचं नुसतं पोट दिसायला लागलं. मग तो वाकला, तोंड मोबाइलला टेकवलं आणि म्हणाला, 'थांबा. हे मी होय.'

कोणी तरी हसलं. साहेबांनी विचारलं, काय म्हणतात आजोबा? तेवढ्यात मादीचा आवाज पुन्हा लागला.

'अन् हे आमच्या घरचं माणूस. ते तंबाखू खाये, म्हणून तसा आवाज. पाखरू नोहे ते. ते तं मेलं ना बाई आमचं, तुमच्याजवळ कसं...'

इथं मी त्याला म्यूट केलं.

दीपमाला, मी यजमान होते, बटण माझ्या हातात होतं. विचार करून दाबलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. बोटानं परस्पर दाबलं. मग माझाच आवाज मला ऐकू आला, 'पोडाकडची रेंज गेलेली दिसते, आपण पुढे जाऊ या.' पडद्यावर तो बोलतच होता. तोंड हलत होतं, हात हलत होता. एकशे तेरा लोक पाहत होते आणि कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. खाली जयानं लिहिलं, 'ताई बाबा रडून राह्यले, तो आवाज अजून एक डाव लावा.' ते वाचलं आणि मी आभार मानले. साहेबांचे, प्रायोजकांचे, निसर्गाचे.

सहा दिवस झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात बसते, पोरं पुस्तकं मागतात, मी दुसरीच देते. आजवर ज्यांच्यावर पेपरातल्या माझ्या 'चिमटे' या सदरात लिहिलं ते सगळे असेच दिसत असतील का, तोंड हलतंय आणि आवाज नाही?

अंजू

पांढरकवडा, बसस्थानक
२३ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

बसला तासभर आहे. वहीचा कागद फाडून लिहिते आहे. घरी जाईपर्यंत मी यातलं काहीतरी सुधारीन, म्हणून इथंच.

पोडावर जाऊन आले. आजचं व्याख्यान रद्द केलं, घशाचं कारण सांगून.

मनात धरलं होतं की म्हातारा गोंधळला असेल. जिल्ह्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला काही ना काही आपलंच वाटतं. मी विचारलं, बाबा, तुम्ही तो आवाज काढून दाखवता का? त्यानं तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि काढला. दीपमाला, माझ्या मोबाइलमध्ये ते पाखरं ओळखणारं अ‍ॅप चालू होतं, तेही मी मुद्दामच चालू ठेवलं होतं. त्यानं पडद्यावर नाव दाखवलं. रानपिंगळा. खात्रीसह.

विचारलं, पण अशी हाक कशाला, नावानं का नाही? जया तोंडाला पदर लावून हसली. म्हातारा माझ्याकडे असा पाहायला लागला, जसं मी काहीतरी अचरट बोलले.

'नाव कसं घेईल ते माह्यं? अन् मी तिचं कसं घेऊ? पन्नास वर्सं झाले, नाही घेतलं.'

मोहाची फुलं वेचायला दोघं पहाटे उतरायची. तो नाल्याच्या अल्याड, ती पल्याड. मोहाला अस्वल येतं. मग त्यानं ऊऽव करायचं, म्हणजे मी आहे. तिनं करायचं, म्हणजे मीही आहे. एवढाच अर्थ. पन्नास वर्षं तेवढंच बोलणं पुरलं त्यांना. नवराबायकोनं एकमेकांचं नाव न घेण्याची रीत माझ्या आईच्या घरीही होती, तुझ्या आजीनंही पाळली असेल. आणि आपण दोघी शिकलेल्या बाया त्या रीतीवर अख्खी एक प्रजाती उभी करून आलो. आपण नाही. मी. तू वेगळंच म्हणत होतीस.

आता पुढचं. आपण जोडी जाहीर केल्यावर पुढच्या हंगामाआधी, मार्च २०२३ मध्ये, कट्ट्यानं त्या उतारावर फलक लावला. पोडाच्या लोकांना बसवून समजावलं, टोप्या वाटल्या. फलकावरचा मजकूर माझा. तुला माहीत नसेल, तू तेव्हा कट्टा सोडून गेलेली होतीस. 'येथे एका दुर्मिळ जोडीचा संसार आहे. कृपया पहाटे हाका मारू नयेत.' सगळ्यांना फार आवडला होता. त्यावर खाली माझं नावही आहे, बारीक अक्षरात.

त्यांनी ऐकलं. सगळ्या पोडानं. हाका बंद. आम्ही दोन हंगाम त्या उतारावर कान लावून बसलो आणि रानपिंगळा एकदाही बोलला नाही. मग आम्ही कट्ट्यावर चर्चा केली की माणसाच्या वावरानं पक्षी मुका झाला, आणि जाऊन पोडाला आणखी शांत राहायला सांगितलं.

मी म्हातारीचं विचारलं. इंदूबाई नाव. जयानं सांगितलं, ती सांगत असताना म्हातारा उठून बैलाकडे गेला. मागच्या मार्चमध्ये ती पल्याडच्या मोहाखाली वेचता वेचता बसली ती बसलीच. छातीत कळ आली असेल. हाका मारायच्या नाहीत म्हणून यानं मारली नाही, तिनंही मारली नाही. ऊन वर आल्यावर, टोपलं भरल्यावर हा पलीकडे गेला. दोन तास तरी झाले असतील. आवाज दिला असता तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. जयाही तसं काही म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, 'ताई, बाबा मले रोज इचारते, का मी एक डाव आवाज काहून नाही देल्ला.'

आवाज आम्ही त्या उतारावर कधी लावलाच नव्हता. पाखराला त्रास होतो म्हणून तिथं रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, हा आपला नियम. म्हणून तीन वर्षं साऱ्या महाराष्ट्रानं इंदूबाईला ऐकलं, पोड सोडून.

निघताना म्हाताऱ्यानं मला वाटेत गाठलं. मला वाटलं, आता मला बोल लावेल. मी तयार होते. तो म्हणाला, 'बाई, त्या मोबाइलात ते किती वेळ आहे?' मी म्हटलं, चाळीस सेकंद. 'तेवढंच?' म्हणाला. 'ते तं सकाळभर आवाज दे. तेवढंच कसं धरलं तुमी?'

बस लागली.

अं.

यवतमाळ
३ मार्च २०२५

दीपमाला,

तेवढंच कसं धरलं, याचं उत्तर तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडेही. म्हाताऱ्याला मी दिलं नाही. तुला देते.

त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या रेकॉर्डरवरून मी फाइल घेत होते. नर झाला, मादी झाली, पुन्हा नर, पुन्हा मादी, आणि मग खोकला. बाईचा. त्यापाठोपाठ बांगड्या वाजल्या. मी स्वच्छ ऐकलं. आणि बांगड्यांच्या जरा अलीकडे कात्री लावून तेवढाच तुकडा घेतला. मनाशी म्हटलं, कोणीतरी मोह वेचणारी असेल, पाखराशी तिचा काय संबंध. पुढची दहा मिनिटं मी ऐकलीच नाहीत. ऐकली असती तर पाखरू राहिलं नसतं, हे मला तेव्हाच माहीत होतं बहुतेक.

तू म्हणत होतीस, पूर्ण ऐक, अंजू, एकदा पूर्ण ऐक. मेमधल्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर सांगायला लागलीस, तेव्हा मी तुलाही म्यूट केलं आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. उकंडा पहिला नव्हता. आणि त्याच आठवड्यात 'चिमटे'मध्ये लिहिलं, 'काही जणींना जंगलात नेलं तरी बांगड्याच ऐकू येतात.' नाव घातलं नव्हतं. त्याची गरज नव्हती. तुझ्या शाळेतल्या स्टाफनं तो पेपर टेबलावर ठेवला होता असं मला नंतर कळलं आणि मी त्या दिवशी चहाबरोबर ते सांगून हसले.

माफी मागण्याचं मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे ते वाक्य कसं असतं ते मला माहीत नाही. हे असं असेल असं समज.

काल रविवारी कट्ट्यावर सगळं सांगितलं. वीस मिनिटं बोलले. कात्री, बांगड्या, म्यूट, फलक, इंदूबाई. मला वाटलं होतं, शिव्या पडतील, मला काढतील. दीपमाला, काय झालं सांगू? कोणी मानलंच नाही.

पुण्याचे साहेब म्हणाले, म्हातारा नक्कल करत असेल, आदिवासी बांधव पक्ष्यांची नक्कल उत्तम करतात, म्हणजे नक्कल करायला खरा रानपिंगळा तिथं असलाच पाहिजे. हा पुरावा उलट मजबूत झाला. तहसीलदार म्हणाले, अंजूताईंना विश्रांतीची गरज आहे. एकानं विचारलं, जिल्ह्याच्या पक्षिसूचीचं पुस्तक छापून तयार आहे, मुखपृष्ठावर कोण आहे माहीत आहे ना? मग मतदान घेतलं. पक्षी आहे की नाही यावर मतदान. हात वर करण्याची खूण दाबायची. पक्षी आहे, एकशे दोन. नाही, चार. चारांत एक मी, एक जया आणि दोघांनी चुकून दाबलं असं मागाहून कळवलं.

आणि ठराव झाला की यंदा मोहाच्या हंगामात फलक नव्यानं रंगवायचा, अक्षरं मोठी करायची.

मी पन्नास वर्षांची झाले. जगाला हसून पोट भरलं. काल पहिल्यांदा असं झालं की समोर एवढा मोठा विनोद घडत होता आणि मला तोंडातून आवाज काढता येईना.

मोह पंधरा दिवसांत गळायला लागेल. ते लोक पुन्हा मुक्यानं उतरतील, कारण फलकावर लिहिलं आहे. कट्टा माझं ऐकत नाही. पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यांनाही नाकारता येणार नाही, पण खरं सांगायचं तर आता त्यांना पटवण्यासाठी मला ते नको आहे. संग्रहासाठीही नको. म्हाताऱ्याला हवं आहे. त्याच्या बायकोचा एकही फोटो नाही, आधार कार्डावरचा सोडून, आणि त्यात ती भ्यालेली आहे. आवाज जो आहे तो तुझ्याकडे.

मला देऊ नकोस. पांढरकवड्याला जयाच्या नावानं पाठव, पत्ता मागे लिहिला आहे. मला कळवायचीही गरज नाही.

अंजू

यवतमाळ
१९ मार्च २०२५

दीपमाला,

पेन ड्राइव्ह माझ्याच नावानं आला. ग्रंथालयाच्या आवक वहीत शिपायानं लिहिलं, 'एक नग, पत्र नाही.' मी पाकीट तीनदा उलटं करून झटकलं. खरंच नव्हतं.

मी तो लावला नाही. घरी लॅपटॉप होता, कान होते, तरी नाही. आधी त्यानं ऐकावं असं वाटलं.

काल गेले. मोह गळायला लागला आहे, उतारावर पोचायच्या आधीच वास येतो. पहिल्यांदा फलक काढला. चार स्क्रू होते, दोन गंजलेले. पोडावरच्या धावजीनं पाना आणून दिला आणि निघेपर्यंत शेजारी उभा राहून विचारत होता, 'बाई, आता बोंबललं तं चालते ना?' मी म्हटलं, चालते. त्यानं तिथल्या तिथं बोंबलून पाहिलं. कट्ट्याच्या ग्रुपवर फलक काढल्याचा फोटो टाकला, तासाभरात त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.

मग उकंडाच्या अंगणात लॅपटॉप उघडला. जया, धावजी, म्हातारा आणि मी. तू ते कितीदा ऐकलं असशील, तरी लिहिते.

पहिल्या मिनिटाला मीच आहे. कुजबुजत. 'चूप, दीपा, चूप. नर आहे, नर.' जया हसली. मग तो, मग ती, म्हणजे ते माझे चाळीस सेकंद, मग खोकला, बांगड्या, आणि जिथं माझी कात्री होती त्याच्या पुढे पाल्यात पावलं. आठव्या मिनिटाला ती बोलते. अगदी जवळून. आपल्या झुडपाच्या मागेच होती ती, दीपमाला.

'अवो, ह्या दोन बाया झुडपात काहून बसल्या?'

आणि लांबून हा, 'शयरातल्या होत. बसू दे.'

'काही हरपलं असन त्यायचं. इचारू का?'

'नको इचारू. चाल.'

आणि मग दोघं जातात, पावलं जातात, आणि दोन मिनिटं नुसता मोह पडतो. टप. टप. टप.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. शब्द न् शब्द. तुझ्याजवळ हे असताना माझं ते सदर वाचून तू एकदाही हे कुठं लावलं नाहीस. लावलं असतंस तर तीन वर्षांपूर्वीच मी उघडी पडले असते आणि फलक लागला नसता. हे मी तुला दोष म्हणून लिहीत नाही. पण तुलाही हे सुचलं असेलच, पाकिटात पत्र न घालताना. आपण दोघी त्या झुडपात होतो.

म्हाताऱ्यानं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा 'नको इचारू'ला तो बारीक हसला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उठून अंगणाच्या कडेला गेला, नाल्याकडे तोंड केलं आणि तोंडापुढे हात धरले. आम्हाला वाटलं, आता आवाज देईल. दिला नाही. हात खाली घेतले आणि परत येऊन बसला.

मग जया ते मोबाइलमध्ये घ्यायला लागली. फाइलवर त्या संध्याकाळी मीच घातलेलं नाव होतं, रानपिंगळा नर मादी एक. ती म्हणाली, बाबा, हे पुसतो, काय नाव देऊ?

त्यानं मोबाइल हातात घेतला आणि तसाच परत दिला. जया म्हणाली, राहू द्या बाबा, मी 'माय' लिहितो.

'नाही,' म्हणाला. 'इंदू लिव.'

आणि जयाकडे असं पाहिलं, जसं विचारत होता, कोणी ऐकलं तर नाही ना.

अंजू